वर्गातील यंत्र आणि नवशिका शिक्षक

शाळेत एखादे नवे साधन येते तेव्हा ते एकटे येत नाही. आपल्याबरोबर मोठमोठ्या आशा घेऊन येते. आज ज्या खडू-फळ्याकडे जुनाट म्हणून पाहिले जाते, तोही एके काळी नवाच होता. आणि दगडी पाटीवर पेन्सिलीने गिरवणाऱ्या मुलाची स्थिती धूळपाटीवर बोटाने अक्षरे काढणाऱ्या त्याच्या पणजोबांच्या मानाने पुष्कळच सुखाची होती. परंतु पाटी आली म्हणून अक्षर आपोआप सुधारले नाही, आणि फळा आला म्हणून गणित आपोआप समजू लागले नाही. त्या पाटीचा व त्या फळ्याचा उपयोग कसा करावा हे ज्या गुरुजींना उमजले, त्यांच्याच वर्गात ती साधने सार्थकी लागली. इतरांच्या वर्गात ती भिंतीची व दप्तराची शोभा होऊन राहिली.

ही गोष्ट आज पुन्हा आठवण्याचे कारण असे, की शाळांच्या वर्गांतून प्रोजेक्टर, संगणक, मोबाइल व स्पर्शाने चालणारे फळे मोठ्या संख्येने आले आहेत, आणि ती वापरण्याची जबाबदारी उद्या ज्यांच्यावर पडावयाची आहे ते तरुण-तरुणी आज अध्यापक महाविद्यालयांतून शिक्षण घेत आहेत. शिकवणे हीच कला मुळात अवघड. तिच्या जोडीला यंत्राची हाताळणी आली म्हणजे नवशिक्या शिक्षकापुढे नेमका कोणता प्रश्न उभा राहतो, आणि तो प्रश्न सोडवावयास तो कसा शिकतो, याचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम मागे वळून पाहावे. अमेरिकेतील विख्यात संशोधक थॉमस एडिसन यांनी १९१३ साली असे भाकीत केले होते, की लवकरच शाळांतून पुस्तके कालबाह्य होतील व चलच्चित्रांच्या योगाने दहा वर्षांच्या आत शिक्षणाची सारी पद्धत पालटून जाईल. दहा वर्षे गेली, शंभरही लोटली. पुस्तके आहेत तेथेच आहेत. नंतर नभोवाणी आली. नागपूरचे केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले, त्या वेळी हे शहर मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होते. एका उत्तम शिक्षकाची वाणी एकाच वेळी शेकडो वर्गांत पोहोचावी, ही कल्पना कोणालाही मोह घालील अशीच होती. पुढे १९७५ च्या ऑगस्टपासून १९७६ च्या जुलैपर्यंत एक वर्षभर, एका अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्याने, सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्याचा मोठा प्रयोग आपल्या देशाने केला. सकाळी शाळकरी मुलांसाठी व सायंकाळी प्रौढांसाठी असे ते कार्यक्रम असत. महाराष्ट्रात पुण्यास १९८४ साली ‘बालचित्रवाणी’ ही संस्था स्थापन झाली. तिने मराठी मुलांसाठी अनेक शैक्षणिक चित्रफिती तयार केल्या, आणि २०१७ साली ती बंद झाली.

हे सारे प्रयत्न वाया गेले असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या मुलाने समुद्र कधी पाहिला नव्हता त्याला त्यांनी समुद्र दाखवला, ज्या खेड्यात प्रयोगशाळा नव्हती तेथे त्यांनी प्रयोग नेला. तथापि प्रत्येक वेळी एकच क्रम दिसून आला: प्रथम गाजावाजा, मग कुतूहल, मग सवय, आणि शेवटी कपाटाला कुलूप. याचे मुख्य कारण यंत्रातील दोष हे नव्हे. यंत्र वर्गात आले, परंतु त्याला पाठात कोठे जागा द्यावयाची हे शिक्षकास कोणी सांगितले नाही. किंबहुना शिक्षकावाचून काम भागावे, अशीच कित्येकांची इच्छा होती. उपग्रहाच्या त्या प्रयोगात मात्र हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण त्याच माध्यमातून देण्यात आले, ही त्या प्रयोगातील फार दूरदृष्टीची गोष्ट म्हटली पाहिजे.

आज परिस्थिती बदलली आहे. २०१४ च्या राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या नियमांनुसार बी. एड. चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला, माहिती-तंत्रज्ञानाचा परिचय हा त्याचा एक भाग ठरला, आणि छात्राध्यापकाने प्रत्यक्ष शाळेत घालवावयाचा काळ वीस आठवड्यांचा करण्यात आला. याला आंतरवासिता म्हणतात. वैद्यकीचा विद्यार्थी जसा रुग्णालयात राहून शिकतो, तसा भावी शिक्षक शाळेत राहून शिकतो. या काळात त्याने पाठाचे टाचण काढावयाचे, वर्गावर पाठ घ्यावयाचा, मागच्या बाकावर बसलेल्या मार्गदर्शकांनी त्याचे निरीक्षण करावयाचे, आणि मग दोघांनी बसून त्या पाठाची चिकित्सा करावयाची, अशी रीत आहे. खरे शिक्षण होते ते या चिकित्सेत.

आता श्रोत्यांनी नागपुरातील धरमपेठेतला एखादा वर्ग डोळ्यांपुढे आणावा. झेंडा चौक, लक्ष्मीभुवन चौक आणि शंकरनगर यांच्या आसपासचा हा भाग शाळा-महाविद्यालयांनी गजबजलेला आहे. पश्चिमेस थोडे चालून गेले की अंबाझरीचा तलाव लागतो. अशा एका शाळेत एक छात्राध्यापिका आंतरवासितेसाठी आली आहे असे समजावे. तिचे हे चित्र कोणा एका व्यक्तीचे नसून तिच्यासारख्या अनेकींचे आहे. वर्ग सातवीचा, मुले पन्नासएक, विषय भूगोल, पाठ समोच्च रेषांचा. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवर असलेली ठिकाणे जोडणारी रेषा म्हणजे समोच्च रेषा. अशा रेषांच्या योगाने सपाट कागदावर डोंगर-दऱ्या दाखवता येतात. २०१७ साली निघालेल्या बालभारतीच्या सातवीच्या भूगोलात या विषयावर स्वतंत्र पाठ आहे, आणि तो मुलांना जड जातो, असा शिक्षकांचा अनुभव आहे. याचे कारण उघड आहे. डोंगर आपण समोरून पाहतो, नकाशा मात्र वरून पाहिलेला असतो.

छात्राध्यापिकेने तयारी कसून केली. रात्री जागून तिने बावीस रंगीत चित्रपाट्या तयार केल्या, इंटरनेटवरून एक चित्रफीत मिळवली, तीत एक डोंगर फिरत होता, थराथराने कापला जात होता, आणि त्याच्या कडा लकाकत होत्या. तास पस्तीस मिनिटांचा. त्यांपैकी आठ मिनिटे प्रोजेक्टरची तार जुळवण्यात गेली. खिडक्यांना पडदे नव्हते म्हणून त्यांवर वर्तमानपत्रे डकवावी लागली. मग चित्रफीत सुरू झाली. वर्ग एकदम शांत झाला, मुले डोळे विस्फारून पाहू लागली, आणि चित्रफीत संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. छात्राध्यापिकेच्या मुखावर समाधान उमटले. पाठ साधला, असे तिला वाटले.

शेवटची पाच मिनिटे उरली तेव्हा तिने फळ्यावर खडूने एका डोंगराच्या समोच्च रेषा काढल्या. एका बाजूस जवळजवळ, दुसऱ्या बाजूस दूरदूर. “यातला तीव्र उतार कोणत्या बाजूला आहे?” असा तिने प्रश्न केला. वर्गातील बहुतेक बोटे दूरदूर काढलेल्या रेषांकडे वळली. “तिकडे जास्त जागा आहे ना, मॅडम, म्हणून,” एका मुलीने कारण दिले. दुसरा मुलगा म्हणाला, “हे डोंगरावर चढायचे रस्ते आहेत.” घंटा झाली. बावीस चित्रपाट्या, एक चित्रफीत आणि एका रात्रीची झोप, या साऱ्यांचे फलित पालथ्या घड्यावर पाणी असे झाले.

मधल्या सुट्टीत शाळेतील ज्येष्ठ भूगोल-शिक्षक तिच्यापाशी येऊन बसले. त्यांनी तिला दोष दिला नाही. “ताई, तुमची चित्रफीत चांगली होती,” ते म्हणाले. “एक सांगा, मुलांची कोणती अडचण दूर करायला तुम्ही ती लावली?”

ती गोंधळली. “सर, विषय आकर्षक व्हावा म्हणून.”

“विषय आकर्षक झाला. पण डोंगर यंत्रानं कापला, रेषा यंत्रानं काढल्या, फिरवूनही यंत्रानंच दाखवलं. मग मुलांनी काय केलं?”

या साध्या प्रश्नात सर्व विषयाचे मर्म आहे. छात्राध्यापिकेने यंत्र आधी निवडले होते आणि मग त्यात पाठ बसवला होता. वस्तुतः क्रम उलटा हवा. मूल नेमके कोठे अडखळते हे आधी शोधावे, ती अडचण हाताने, शब्दाने, फळ्याने सुटत असेल तर तशी सोडवावी, आणि जेथे ही साधने थिटी पडतात तेथेच यंत्राला बोलवावे. शिंपी आधी माप घेतो व मग कात्री उचलतो. कात्री नवी आहे म्हणून तो कापड कापीत सुटत नाही.

शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांनीही हीच गोष्ट आपल्या परिभाषेत मांडली आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ साली असे दाखवून दिले, की विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याच्या सामान्य पद्धतींचे ज्ञान ही दोन्ही असूनही शिक्षक चांगला होतोच असे नाही. त्याला एक तिसरे ज्ञान लागते: हा विशिष्ट विषय, या विशिष्ट मुलांना, कोणत्या उदाहरणाने व कोणत्या क्रमाने समजेल याचे. गणितात प्रवीण असलेला मनुष्य अपूर्णांक शिकवताना चाचपडतो, तो याच ज्ञानाच्या अभावी. २००६ साली मिशिगन राज्य विद्यापीठातील पुण्य मिश्रा व मॅथ्यू कोहलर या दोन अध्यापकांनी या विचारात साधनांच्या ज्ञानाची भर घातली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: विषयाचे ज्ञान, अध्यापनाचे ज्ञान आणि साधनाचे ज्ञान ही तीन वर्तुळे कल्पावी. प्रत्येक वर्तुळ सुटे सुटे शिकून भागत नाही. तिन्ही जेथे एकमेकांस छेदतात त्या लहानशा जागेत शिक्षकाने उभे राहावयास शिकले पाहिजे. प्रोजेक्टर कसा लावावा हे शिकवण्यास दुकानातील कारागीरही पुरेसा आहे. समोच्च रेषांच्या पाठात तो केव्हा लावावा व केव्हा बंद करावा, हे मात्र शिक्षकानेच शिकले पाहिजे.

आता त्याच वर्गातील दुसरा पाठ पाहावा. या वेळी छात्राध्यापिकेने टाचणाच्या पहिल्या ओळीत साधनाचे नाव लिहिले नाही, अडचण लिहिली: ‘समोरून दिसणारा डोंगर वरून कसा दिसेल, हे मुलांच्या डोळ्यांपुढे येत नाही.’ मग तिने बाजारातून शाडूची माती आणली आणि एक पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घेतला. दोन मुलांनी मातीचा डोंगर केला. एक बाजू कड्यासारखी उभी, दुसरी घसरगुंडीसारखी निवांत. डब्याच्या बाहेरून पट्टीने मोजून एकेक सेंटिमीटरावर खुणा केल्या. पहिल्या खुणेपर्यंत पाणी ओतले, आणि पाण्याची कड डोंगराला जेथे टेकली होती तेथे एका मुलीने दात कोरण्याच्या काडीने चारी बाजूंनी रेघ ओढली. मग दुसऱ्या खुणेपर्यंत पाणी, दुसरी रेघ. असे चार वेळा झाले. पाणी ओतून टाकल्यावर त्या रेघांच्या खाचांत लाल लोकरीचा धागा दाबून बसवला. पाण्याची पातळी सर्वत्र सारखीच असते, म्हणून एका रेघेवरील प्रत्येक बिंदूची उंची सारखी, ही गोष्ट आता व्याख्या म्हणून पाठ करावी लागली नाही. ती मुलांच्या बोटांना ठाऊक झाली.

परंतु येथे हाताचे साधन थिटे पडले. डबा एक आणि मुले पन्नास. वरून वाकून पाहावयाचे तर एका वेळी चार-पाच डोकीच मावणार, आणि तीही एकमेकांवर आपटणार. या क्षणी छात्राध्यापिकेने आपला मोबाइल डब्यावर अगदी सरळ धरून एक छायाचित्र घेतले आणि ते भिंतीवर दाखवले. समोरून पाहताना एकावर एक दिसणारे लाल धागे वरून घेतलेल्या चित्रात एकात एक बसलेल्या वेड्यावाकड्या कड्यांसारखे दिसत होते. कड्याच्या बाजूस ते एकमेकांस चिकटले होते, घसरगुंडीच्या बाजूस मोकळे पसरले होते. वर्गात क्षणभर सामसूम झाली. मग, ज्या मुलाने पूर्वी त्यांना रस्ते म्हटले होते तोच मोठ्याने म्हणाला, “अरे, जवळ जवळ आहे तिकडं डोंगर उभा आहे!” 

यंत्राचे काम येथे अर्ध्या मिनिटाचे होते. बावीस चित्रपाट्यांनी जे झाले नाही ते एका छायाचित्राने झाले, याचे कारण ते चित्र मुलांच्या स्वतःच्या डोंगराचे होते, आणि ते त्यांना हवे असताना, हवे तेथे आले. प्रोजेक्टर बंद झाला. पुस्तकातील नकाशा उघडला गेला.

पाठाचा पुढील भाग अधिक महत्त्वाचा होता. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २००९ साली ‘भुवन’ या नावाचे एक संकेतस्थळ सुरू केले आहे, त्यावर आपल्या देशाची उपग्रहाने घेतलेली चित्रे कोणालाही पाहता येतात. छात्राध्यापिकेने त्यावर पश्चिम नागपूर दाखवले. अंबाझरीचा तलाव, त्याच्या पूर्वेस धरमपेठेची वस्ती, आणि मधून सीताबर्डीच्या दिशेने वाहत जाणारी नाग नदीची बारीक रेघ. “शहराचा उतार कोणीकडून कोणीकडे असेल?” तिने विचारले. नदी पूर्वेकडे वाहते म्हणजे उतार पश्चिमेकडून पूर्वेकडे, हे मुलांनी सांगितले. “मग तलाव भरून वाहू लागला तर पाणी कोठे जाईल?”

हा प्रश्न नागपूरच्या मुलांना पुस्तकी नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने काठ सोडले आणि तलावाच्या खालच्या अंगास असलेल्या वस्त्यांत पाणी शिरले. लोकांचे प्राण गेले, संसार वाहून गेले. वर्गात मागच्या बाकावर बसणारी, सहसा न बोलणारी एक मुलगी उभी राहिली. “मॅडम, आमच्या घरात कमरेइतकं पाणी आलं होतं. बाबांनी मला खांद्यावर घेतलं होतं. आमचं घर या कडेला आहे.” तिने पुढे येऊन भिंतीवरील चित्रावर बोट ठेवले. मग शेजारच्या मुलाने आपले घर दाखवले. त्याच्या गल्लीत पाणी आले नव्हते. दोन घरांत अंतर थोडे, मग असे का? उत्तर मुलांनीच शोधले: एक घर उंचावर, एक सखल भागात. ज्या रेषा काल निरर्थक वाटत होत्या, त्या आज कोणाचे घर बुडेल व कोणाचे वाचेल हे सांगणाऱ्या झाल्या. नवी वस्ती कोठे व्हावी, नाला कोठे मोकळा ठेवावा, हे ठरवताना नगररचनाकार हाच नकाशा पाहतो, एवढे सांगून छात्राध्यापिकेने पाठ संपवला. भूगोल हा विषय परीक्षेपुरता नाही, हे तिला वेगळे सांगावे लागले नाही.

या दोन पाठांची तुलना केली असता यंत्राच्या उपयोगाविषयी काही निकष हाती लागतात. पहिला असा, की यंत्राने मुलाचे काम हिरावून घेऊ नये. मोजणे, ओढणे, अंदाज करणे, चुकणे ही कामे मुलाची. ती यंत्राने केली तर मूल प्रेक्षक होते, आणि प्रेक्षकाची टाळी हा ज्ञानाचा पुरावा नव्हे. दुसरा असा, की जे डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही किंवा वर्गात आणता येत नाही, तेथे यंत्र अमोल आहे. अणूंची हालचाल, उपग्रहातून दिसणारी नदी, हृदयाचे आकुंचन-प्रसरण ही त्याची उदाहरणे. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल पारितोषिक विजेते पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेल्या ‘फेट’ या उपक्रमातील प्रयोग संगणकावर विनामूल्य करता येतात, आणि त्यांपैकी अनेक मराठीतही उपलब्ध आहेत. विजेच्या मंडलात विद्युत्कण कसे सरकतात, हे फळ्यावर कितीही बाण काढले तरी दिसत नाही. तेथे असा प्रयोग उपकारक ठरतो. परंतु लिंबाचा रस निळ्या लिटमसला तांबडा करतो, हे दाखवावयास चित्रफीत लावणे म्हणजे घरात विहीर असून टँकर बोलावण्यासारखे आहे.

तिसरा निकष व्यवहाराचा. वीज जाते, इंटरनेट अडते, तार सापडत नाही. ज्या शिक्षकाचा पाठ यंत्र बंद पडताच बंद पडतो, त्याचा पाठ यंत्राचा होता, त्याचा नव्हता. म्हणून छात्राध्यापकाने टाचणाच्या कडेला ‘वीज गेल्यास’ असे लिहून पुढे एक ओळ लिहिण्याची सवय करावी. खडू हे फार विश्वासू साधन आहे.

चौथा निकष न्यायाचा आहे, आणि तो शहरातील सुशिक्षित कुटुंबांनी विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलवर आले. ज्या घरात प्रत्येकाच्या हाती यंत्र होते त्या घरातील मुलांचे वर्ग चालू राहिले. ज्या घरात एकच मोबाइल होता, तोही वडिलांबरोबर कामावर जात होता, त्या घरातील मुले वर्गातून नाहीशी झाली. त्या काळात दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठ्यपुस्तकांवर आधारलेली मालिका सुरू झाली. पालघर जिल्ह्यातील दांडवळ या गावी तर मुलांना मोकळ्या जागेत अंतरा-अंतरावर बसवून ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकवले गेले. नवे साधन जेथे पोहोचले नाही तेथे जुने साधन मदतीला धावले. तंत्रज्ञान म्हणजे सर्वांत नवे यंत्र, ही समजूत यामुळे खोटी ठरते. जे साधन शेवटच्या मुलापर्यंत पोहोचते, तेच त्या वर्गापुरते उत्तम साधन होय. म्हणून छात्राध्यापकाने घरचा अभ्यास देताना, ‘हा व्हिडिओ पाहून या’ असे सांगण्यापूर्वी, तो कोणाला पाहता येणार नाही याची चौकशी करावी.

या सर्व निकषांना उतरलेले एक उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहान गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले हे तरुण शिक्षक रुजू झाले. त्यांनी पाठ्यपुस्तकातील धड्यांना क्यूआर कोड जोडले. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा हा चौकोन १९९४ साली जपानमध्ये निघाला, तोही मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. शाळेशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. परंतु पुस्तक वाचता वाचता मुलाला कविता ऐकावीशी वाटते, प्रयोग पाहावासा वाटतो, आणि पुस्तक तर मुके असते, ही अडचण डिसले यांनी ओळखली. मोबाइल त्या चौकोनावर धरला की कविता ऐकू येई, चित्र दिसे. पुढे २०१७ साली राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड देण्याचा निर्णय झाला. २०२० च्या डिसेंबरात डिसले यांना दहा लक्ष डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, आणि त्यांनी त्याची निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्यांनी पुस्तक दूर सारले नाही, पुस्तकालाच वाचा दिली. एडिसनांचे भाकीत आणि परितेवाडीचे काम यांतील अंतर ते हेच.

आता एक अप्रिय परंतु आवश्यक गोष्ट. छात्राध्यापकाच्या पाठाचे निरीक्षण करताना जो तक्ता भरला जातो, त्यात साधनांच्या वापरासाठी गुण राखलेले असतात. निरीक्षक घाईत असला तर प्रोजेक्टर लागला की नाही एवढेच पाहून तो रकाना भरतो. छात्राध्यापकास हे लवकर कळते, आणि तो मुलांसाठी नव्हे तर रकान्यासाठी यंत्र लावू लागतो. प्रोजेक्टरचा झोत भिंतीवर, आणि दिव्याखाली अंधार, अशी मग गत होते. यात दोष तरुण शिक्षकाचा कमी व मोजमापाचा अधिक आहे. साधन वापरले काय, असे न विचारता, साधन कोणत्या अडचणीसाठी वापरले आणि ती दूर झाली हे कशावरून कळले, असे विचारले गेले तर एका वर्षात चित्र पालटेल. योग्य कारणाने यंत्र न वापरणाऱ्या छात्राध्यापकासही पूर्ण गुण मिळावेत, इतके धैर्य निरीक्षकाने दाखवावयास हवे.

हेच मोजमाप घरोघरीही लागू पडते. मुलाचे नाव शाळेत घालताना पालक विचारतात, “प्रत्येक वर्गात डिजिटल फळा आहे ना?” शाळाही माहितीपत्रकात त्याचेच छायाचित्र छापते. त्याऐवजी संध्याकाळी घरी आलेल्या मुलास एवढेच विचारून पाहावे, “आज फळ्यावर काय पाहिलंस?” आणि त्यापुढे, “मग तू स्वतः काय करून पाहिलंस?” दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आले तर फळा डिजिटल असो की काळा, शाळा चांगली आहे असे खुशाल समजावे.

धरमपेठेतील त्या छात्राध्यापिकेची आंतरवासिता संपेल, ती पदवी घेईल आणि कोठे तरी नोकरीस लागेल. ती ज्या शाळेत जाईल तेथे आजची यंत्रे असतीलच असे नाही. दहा वर्षांनी तर ती खासच नसतील, त्यांच्या जागी दुसरी आली असतील. म्हणून कोणत्या कळीने कोणते यंत्र चालते, हे तिने या वीस आठवड्यांत मिळवलेले खरे धन नव्हे. मूल कोठे अडले आहे हे ओळखण्याची तिला लागलेली दृष्टी, हे ते धन आहे. ती दृष्टी असली तर शाडूची मातीही तंत्रज्ञान होते, आणि ती नसली तर सर्वांत महाग यंत्रही भिंतीवर टांगलेले चित्र ठरते. मागच्या बाकावरची ती मुलगी उठून पुढे आली आणि तिने आपल्या घरावर बोट ठेवले, त्या क्षणी वर्गात जे घडले ते कोणत्याही यंत्राच्या पेटीवर छापलेले नसते. ते घडवून आणण्यासाठीच शिक्षक लागतो, आणि म्हणूनच त्याचे शिक्षण घाईने उरकून चालत नाही.